ऑगस्टमध्ये ख्रिस्तपुराण ठेवू नका: बारा संग्रहालयं, बारा पुस्तकं

दर महिन्याला एक संग्रहालय, त्यातली एक वस्तू, त्या वस्तूशी नातं असलेलं एक पुस्तक आणि महिनाअखेर त्या वस्तूशेजारी लावता येईल अशी पन्नास शब्दांची पाटी. वर्षभराच्या या वाचन-आव्हानाचे नियम एवढेच. आव्हानाचं पत्रक वाचून वाटतं की बारा पुस्तकं म्हणजे बारा सारखे टप्पे. तसं अजिबात नाही. अकरा महिने सपाटीचे आहेत आणि एक घाटाचा. तो घाट जुन्या गोव्याचा, म्हणजे ऑगस्टमधल्या ख्रिस्तपुराणाचा, आणि पत्रकात त्याबद्दल अवाक्षर नाही. म्हणून हा वृत्तांत मुख्यतः त्या एका महिन्याचा आहे.

महिन्याला दोन-अडीचशे पानं वाचायची सवय आणि एखाद्या जुन्या ग्रंथालयाचं सभासदत्व हे गृहीत धरलंय. ते नसेल तर आधी ते करा. सोबत पेन्सिल ठेवा. जुनी पुस्तकं टेबलावर मिळतात तिथे शाईचं पेन बहुधा चालत नाही.

ऑगस्टच्या ओळीत असतं: जुनं गोवं, ख्रिस्तपुराण. दोनच नावं, पण त्यांच्यामागे काय आहे ते पाहा. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले, तिथल्या साष्टी भागात राहिले आणि १६१९ मध्ये वारले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांच्या जागी काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी बायबलची कथा मराठी ओवीत रचली. १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला ती छापली गेली. ग्रंथाचे भाग दोन: पहिल्या पुराणात ३६ अवस्वरू, म्हणजे अध्याय, दुसऱ्यात ५९, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास आहे. म्हणजे पत्रक आपल्याला ज्ञानेश्वरीहून मोठा ग्रंथ एका महिन्यात संपवायला सांगतं, तोही चारशे वर्षांपूर्वीच्या मराठीतला, मधूनमधून कोंकणी शब्द असलेला.

पारायण करायचं तर एका महिन्यात होईल, त्याबद्दल वाद नाही. पण इथे शेवटी पाटी लिहायची आहे आणि त्यासाठी अर्थ लावत वाचावं लागतं. अर्थ लावत वाचलं तर तासाला साठ-सत्तर ओव्या होतात. महिन्यात संपवायचं तर रोज साडेतीनशे हव्यात. म्हणजे रोज पाच तास, एकतीस दिवस, एकही सुट्टी न घेता. नोकरीवाल्याला हे जमणार नाही. जो जमवेल तो दुसऱ्या आठवड्यापासून नुसत्या ओळींवरून डोळे फिरवत राहील, आणि इतक्या सुंदर ग्रंथाचं असं होणं हे खरं नुकसान आहे.

दुसरी फसगत आवृत्तीची. फुकट मिळतं म्हणून बहुतेक जण मंगळूरची १९०७ ची आवृत्ती उतरवून घेतात. उघडली की पानभर रोमन लिपी. भाषा मराठीच, पण स्टीफन्सकाळच्या रोमन वळणाने लिहिलेली. पहिल्या पानावरच अर्धे लोक थांबतात. थांबू नका, किल्ली सोपी आहे. एक्स दिसला की श किंवा ष, दोन टी म्हणजे ट, दोन एन म्हणजे ण, दोन एल म्हणजे ळ, आणि शब्दाच्या शेवटी एम आला तर बहुधा अनुस्वार. गोव्यातल्या रोमन कोंकणी पाट्यांवर श साठी एक्स आजही दिसतो, तोच हा. ही पाच चिन्हं एका चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवली आणि मोठ्याने वाचलं, तर तिसऱ्या दिवशी चिठ्ठी लागत नाही. मनात वाचलं तर मात्र डोळा अक्षरांतच अडकतो. आवाज काढला की कान ओवी ओळखतो आणि शब्द आपोआप सुटतात.

तरीही वेग हवा असेल तर शांताराम बंडेलूंनी संपादित केलेली, १९५६ ची देवनागरी आवृत्ती शोधा. दुकानात सहज मिळणार नाही, ग्रंथालयात विचारा. बऱ्याच ठिकाणी ती संदर्भ विभागात असते आणि घरी देत नाहीत. म्हणजे बसून वाचायचे तास आधीच मोजून ठेवा.

तिसरी फसगत संग्रहालयाची. तिथे गेलं की ख्रिस्तपुराणाची जुनी प्रत काचेआड बघायला मिळेल, असं सगळ्यांना वाटतं. मिळणार नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. मग वस्तू कुठली निवडायची? पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठात, आहे. तिथे पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरी आहेत आणि त्याच छपराखाली वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मारकदगडही आहेत. तसबिरी ओळीने लावल्या आहेत म्हणून सगळे त्यांच्यापुढेच रेंगाळतात. या पुस्तकासाठी त्यांचा उपयोग शून्य. सरळ वर सांता मोनिका कॉन्व्हेंटकडे जा. तिथल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात हस्तिदंती आणि लाकडी मूर्ती आहेत. विषय युरोपातला, कोरणारा हात इथला. स्टीफन्सनी तेच काम शब्दांत केलं: स्वर्गाला त्यांचा शब्द आहे वैकुंठ. वहीत एक पान अशा शब्दांसाठी राखून ठेवा, म्हणजे वाचताना उचललेले जुने शब्द आणि त्यांना मिळालेला नवा अर्थ. वीस शब्द जमले की पाटी जवळजवळ तयार होते.

पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद. ऑगस्टमध्ये पाऊस आडवा येतो, त्यामुळे दोन संग्रहालयांमधलं पाच-दहा मिनिटांचं चालणंही भिजवून टाकतं, आणि ओल्या वहीवर पेन्सिल उमटत नाही. चर्चमध्ये जाणार असाल तर अर्धी चड्डी घालू नका.

आमचा निकाल स्पष्ट आहे. पूर्ण ख्रिस्तपुराण एका महिन्यात करू नका. पहिल्या पुराणाचे सुरुवातीचे दोन अवस्वरू पूर्ण वाचा. ग्रंथ का रचला आणि मराठीबद्दल कर्त्याला काय वाटतं, ते तिथेच कळतं. मग दुसऱ्या पुराणातून जन्माचा आणि क्रुसाचा भाग घ्या. रोज साठ ओव्या, वीस दिवस, म्हणजे बाराशे. यालाच पूर्ण महिना माना आणि पाटीखाली तसं प्रामाणिकपणे लिहा. पूर्णच वाचायचं असेल तर तीन महिने द्या आणि दुसरी दोन संग्रहालयं सोडा. ती सोडल्याचं वाईट वाटणार नाही.

आता पैशाचं. वर्षभरात सगळ्यात वाया जाणारा खर्च म्हणजे मागणीनुसार छापून देणाऱ्यांकडून घेतलेली जुनी पुस्तकं. ही नव्याने जुळवलेली पुस्तकं नसतात. इंटरनेटवर फुकट असलेलं स्कॅन कागदावर उमटवलेलं असतं. मधली पानं गायब, कडेच्या ओळी कापलेल्या, पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. सगळ्यात वाईट म्हणजे घडीचे नकाशे आणि चित्रं घडी न उघडताच स्कॅन केलेली असतात, त्यामुळे नकाशाच्या जागी पांढरी घडी छापून येते. पैसे देण्याआधी त्याच पुस्तकाचं फुकट स्कॅन उघडा, शेवटच्या पानाचा आकडा बघा, मधली चार-पाच पानं चाळा. त्यात दोष असेल तर छापीलमध्येही तोच येणार. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा जुन्या संस्थांची वर्षाची वर्गणी एका दिवाळी खरेदीच्या मानाने काहीच नाही.

तेरचा महिनाही सोपा समजू नका, पण तो घाट नव्हे, चढ आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर हे व्यापारी नगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीची आठवण करून देते. तीच वस्तू घ्या, दुसरी शोधत बसू नका. पुस्तक गाथासप्तशती, म्हणजे प्राकृतातल्या गाथांचा जुना संग्रह. इथे हमखास होणारी चूक गाथांच्या क्रमांकांची. सातशे गाथा म्हणतात खरं, पण वेगवेगळ्या पाठपरंपरांत गाथा वेगळ्या आहेत. सगळ्यांत समान अशा सव्वाचारशेच्या आसपासच निघतात. त्यामुळे एका आवृत्तीतला क्रमांक दुसरीत जुळत नाही. टिपण करताना क्रमांकाबरोबर गाथेचे पहिले दोन शब्द लिहा. क्रमांकांवर विसंबून केलेली महिन्याभराची टिपणं दुसरी प्रत हातात आली की निकामी होतात. स. आ. जोगळेकरांची आवृत्ती चांगली आहे, पण तिची प्रस्तावना आधी वाचायला घेऊ नका, महिना तिच्यातच संपेल. रोज पंचवीस गाथा, दुपारी नव्हे, सकाळी. आणि तेरला मे महिन्यात जाऊ नका.

बंद वारांची नीट नोंद ठेवा. मुंबईचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद, जुनं गोवं शुक्रवारी, राज्य सरकारची बहुतेक सोमवारी. जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करा आणि फक्त वेळ नव्हे, तर तुमची वस्तू सध्या मांडलेली आहे का, हेही विचारा. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याला आलेली वाघनखं कराराने काही वर्षांसाठी आलेली आहेत आणि साताऱ्यातला त्यांचा मुक्कामही काही महिन्यांचाच होता. वर्षाच्या सुरुवातीला तशी वस्तू निवडली आणि डिसेंबरात गेलात, तर रिकामी पेटी बघावी लागेल. पुण्याच्या केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. म्हणून यादीवरून वस्तू ठरवू नका, डोळ्यांनी बघून ठरवा.

बाकीचे महिने सुखाचे. केळकरमधला अडकित्ता आणि १९१५ चं खेड्यातल्या जीवनावरचं 'गावगाडा' यांची जोडी छान जमते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातले सोपाऱ्याचे अशोकलेखाचे तुकडे आवर्जून बघा, पण सोपाऱ्याच्या स्तूपातले करंडक, म्हणजे अवशेष ठेवायच्या डब्या, तिथे शोधू नका, ते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्प आहे. टेकडीच्या पायऱ्या आहेत, पाणी न्या. तंजावरला तिथले मराठा राजे सरफोजी दुसरे यांचं मराठी 'देवेंद्र कुरवंजी' घ्या. जगाचा भूगोल सांगणारं हे नाटक दोन संध्याकाळींत वाचून होतं, आणि बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ चा भोसले वंशाचा मराठी शिलालेख त्याच फेरीत होतो.

पाटी लिहिताना बहुतेकांची पाटी पुस्तकाचा सारांश होऊन बसते. पाटी वस्तूची आहे. आधी नाव आणि माल, मग ती कुठून आली, तिचं काय झालं आणि शेवटी पुस्तकामुळे कळलेली एकच गोष्ट. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या इमारतीशेजारी उभ्या असलेल्या दगडी हत्तीसाठी गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' वाचून केलेली पाटी नमुन्यादाखल:

"हत्ती. बेसाल्ट. जागा घारापुरी, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ मध्ये मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. तुकडे मुंबईत आणले, १९१४ मध्ये जोडले. 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये छापलं गेलं तेव्हा हत्ती बेटावरच होता, आणि शेजारच्या या इमारतीचं बांधकाम चालू होतं. ती उघडली १८७२ मध्ये."

पहिल्या खर्ड्यात भव्य, प्राचीन आणि अजोड हे तीन शब्द होते. ते काढले, तेव्हा १८१४ च्या वाक्याला जागा झाली.