किती वाजता?

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी इथल्या, परदेशातल्या चर्चमधल्या एका आजींना सहज म्हणालो, "प्रार्थनेत आठवण ठेवा." आपण म्हणतो तसंच. आपल्याकडे त्याचं उत्तरही ठरलेलं असतं, "हो हो, नक्की", आणि विषय पुढे सरकतो. या आजींनी पर्समधून छोटी वही काढली, चष्मा नाकावर चढवला आणि विचारलं, "किती वाजता?"

मला प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं, त्यांना ऑपरेशनची वेळ हवी होती. तिथले सकाळचे दहा म्हणजे इथले पहाटेचे साडेपाच, असं सांगितलं. वर "तेव्हा तुम्ही झोपेत असाल" असंही म्हणालो. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. डोळा कोणता, डावा की उजवा? आईचं नाव काय? दोनदा स्वतः म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा मला म्हणायला लावलं आणि जमेल तसं वहीत उतरवलं. नावातला 'ळ' काही शेवटपर्यंत जमला नाही.

खरं सांगतो, थोडा रागच आला. प्रार्थना आहे की डॉक्टरची अपॉइंटमेंट?

इथल्या प्रार्थनेबद्दल माझी कुरकुर जुनीच आहे. उपासनेत सगळं छापील. आजाऱ्यांसाठी दोन ओळी, जगाच्या शांतीसाठी दोन ओळी, मग थोडी शांतता. डोळे मिटून आपण कुठे जरा टेकतोय तोवर "आमेन". ऑफिसात तर त्याहून वाईट. कुणाच्या घरी दुःख झालं की म्हणायचं, "तुम्ही आमच्या विचारात आहात." विचारात ठेवून काय करणार? आपल्या प्रार्थनासभेत एकेक जण उठतो, आदामापासून सुरुवात करतो आणि पेशंटपर्यंत पोचायला वीस मिनिटं घेतो, पण पोचतो! मनापासून, घशात आवंढा येईस्तोवर. (देवाला लांबलचक बडबड नको, परराष्ट्रीय तसं करतात, असं प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानात, सहाव्या अध्यायात सांगितलंय. इथे परराष्ट्रीय मीच, हे कळतंय मला.)

तर त्या दिवशी घरी येऊन, प्रार्थनेला घड्याळ लागत नाही हे सिद्ध करायला मी बायबल उघडलं. 'निरंतर प्रार्थना करा' हे पौलाचं वाक्य हाताशी होतंच. पण पुढे निघालं भलतंच. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा. स्तोत्रकर्ता सात वेळा स्तुती करतो. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान मंदिरात जातात ते प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळी. आणि १७२७ साली जर्मनीतल्या हेर्नहुटमध्ये २४ पुरुष आणि २४ स्त्रियांनी दिवसाचे तास आपसांत वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली, ती शंभराहून जास्त वर्षं चालली. म्हणजे त्यांच्यातही कुणीतरी कुणाला "किती वाजता?" विचारलंच असणार.

त्यातही अडकलो ते लूकच्या बाविसाव्या अध्यायात. पेत्र आपल्याला नाकारणार हे प्रभूला ठाऊक आहे, आणि तो त्याला सांगतो की मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. करीन नाही, केली आहे. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, त्यातल्या क्रियापदाकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. जुन्या करारातला संदेष्टा शमुवेल तर लोकांना सरळ सांगतो, तुमच्यासाठी प्रार्थना करायचं सोडलं तर ते परमेश्वराविरुद्ध पाप होईल. आणि मी? आपल्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे जाऊन पाहिलं. महिन्याभरात अकरा विनंत्यांखाली मी जोडलेले हात टाकलेत. त्यातल्या किती जणांचं नाव देवापुढे घेतलं? चार आठवले. त्यातलाही एक बहुधा मी धरून चाललोय.

माझी बाजूही ऐका. शिफ्टची नोकरी, दोन मुलं, उभ्या उभ्या आयुष्य. आणि पवित्र आत्मा आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात लिहिलेलं आहेच. फक्त ते प्रार्थना कशी करावी हे न कळणाऱ्यांसाठी आहे. गजर न लावणाऱ्यांसाठी नसावं.

कारण त्या पहाटे मी झोपलो होतो. सात वाजता भावाच्या फोनने जाग आली, "झालं, सगळं ठीक."

रविवारी आजी दारातच भेटल्या. "उजवा डोळा कसा आहे?" आणि मग, "त्या वेळी तूही उठला असशील ना? मला वाटलं, आपण दोघं मिळूनच मागतोय."

मी हो म्हणालो.

संध्याकाळी आईला फोनवर ही गोष्ट सांगितली, माझ्या झोपेचा भाग वगळून. आई बराच वेळ गप्प. रात्री दिवा घालवण्याआधी ती नावं घेऊन प्रार्थना करते. यादी मोठी आहे, मी बहुतेकदा अर्ध्यात झोपायचो. मग म्हणाली, "एवढ्या पहाटे उठल्या माझ्यासाठी. नाव काय रे त्यांचं?"

सहा वर्षं एकाच चर्चला जातोय आम्ही. मी म्हणालो, विचारून कळवतो. फोन ठेवल्यावर सवयीने तिला जोडलेले हातही पाठवले.