शिंपल्यांच्या खिडकीतली सीतेची वेणी

मे संपत आला की सकाळी उठल्याउठल्या मी आधी खिडकीशी जाते. पणजीतल्या आमच्या जुन्या घरात, आंब्याच्या ओंडक्यावर काथ्याने बांधलेलं सीतेची वेणी हे ऑर्किड यंदाही फुललं आहे. वीतभराहून लांब लोंबता घोस, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळट-गुलाबी ठिपके.

पहिलं रोप मी मातीत लावलं होतं. एका पावसाळ्यात मुळं कुजून गेलं, फार हळहळले. हे झाडाच्या अंगावर वाढणारं ऑर्किड, त्याच्या मुळांना वारा लागतो. आता मी मुळंच बघते. कोरडी असली की रुपेरी दिसतात, पाणी शिंपडलं की डोळ्यांदेखत हिरवी होतात. रुपेरी दिसली तरच पाणी.

फोटोसाठी ही खिडकी म्हणजे वरदान. लाकडी चौकटींत काचेऐवजी चौकोनी कापलेले शिंपले बसवलेत. त्यांतून ऊन गाळून, दुधाळ होऊन येतं. सावलीला कड उरत नाही, पांढरी पाकळीही भगभगत नाही. एक झडप उघडली की मागे समोरच्या घराची गेरूच्या रंगाची भिंत येते. जुन्या घरांतून असे शिंपले निघून काचा बसताना बघवत नाही.

आज सातला तीन फोटो काढले. टोकाच्या कळ्या अजून मिटलेल्याच आहेत.