व्हर्सायला खुर्च्या बघायला जाऊ नका

लाकूडकाम हा माझा छंद. त्यामुळे फ्रेंच राजांच्या खुर्च्या म्हणजे पॅरिसजवळचा व्हर्सायचा राजवाडा, हे मी गृहीत धरलं होतं. चूक झाली.

स्टेशनबाहेर एकाने 'रांग टाळा' म्हणत दामदुप्पट किमतीचं तिकीट गळ्यात मारलं. सुरक्षा तपासणी सगळ्यांनाच असते, ती कशानेही टळत नाही. तिकीट राजवाड्याच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. सोमवारी बंद.

आत मोठ्या दालनांमधून आरसेमहालापर्यंतचा पट्टा म्हणजे दादर स्टेशनचा पूल. मागचे ढकलतात, पुढचे सेल्फी काढतात. एका खुर्चीचे पाय बघायला वाकलो तर कोणाची तरी सॅक थोबाडावर आली. बरं, दिसतं ते मूळचं त्याच खोलीतलं असेल याची खात्री नाही. १७९३ च्या ऑगस्टपासून वर्षभर चाललेल्या लिलावात इथलं सामान फुंकलं गेलं, १७ हजारांहून जास्त लॉट! चौदाव्या लुईचं चांदीचं सिंहासन तर त्यानेच १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी वितळवलं होतं. त्यात २०१६ मध्ये, राजवाड्याने आधीच्या काही वर्षांत विकत घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचं प्रकरण उघडकीस आलं.

पायांचे तुकडे पडल्यावर भिंतीला टेकून फरशीवर बसलो. पहारेकरणीने लगेच उठवलं. इथे पूर्वी राणीसमोर साध्या स्टुलावर बसायचा मान मुख्यतः डचेसना, म्हणजे बड्या सरदारांच्या बायकांना, आपण कोण!

थेट पॅरिसचं लूव्र संग्रहालय गाठा. मंगळवारी बंद. मोनालिसाकडे जाणारा लोंढा सोडून पहिल्या मजल्यावर अठराव्या शतकाच्या फर्निचरची दालनं धरा. मला तिथे एका खुर्चीसमोर अर्धा तास कोणी हटकलं नाही. एका खुर्चीमागे किती हात! सांगाडा एकाचा, कोरीवकाम दुसऱ्याचं, सोन्याचा वर्ख तिसऱ्याचा, गादी चौथ्याची. लाकूड बहुतेक वेळा साधं बीच.

पाय आधी बघा. नागमोडी असतील तर पंधराव्या लुईची शैली, सरळ, खाली निमुळते आणि उभ्या पन्हळींचे असतील तर सोळाव्याची. मग हात. पंधराव्या लुईच्या शैलीत त्यांचे खांब बऱ्याचदा पुढच्या पायांच्या रेषेत न येता मागे सरकलेले दिसतील, कारण बायकांचे फुगीर घागरे मावायला हवेत. पाठ सपाट असेल तर खुर्ची बहुधा भिंतीला लावून ठेवायची. मधोमध मांडून गप्पा मारायच्या त्या खुर्च्यांची पाठ बाकदार. भिंतीकडच्यांची मागची बाजू बऱ्याचदा कोरीवकामाविना सोडलेली असते. कोण बघणार?



कारागिराचा ठसा शोधायच्या भानगडीत पडू नका, तो बैठकीच्या चौकटीखाली असतो. मोबाइलचा झूम वापरा, दोरीपलीकडे बोटही नेऊ नका. अलार्म वाजतो. सगळे वळून बघतात.