ताम्हिणी ते धोपावे: निसरड्या रस्त्यावर फोर बाय फोर

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी दारात आली की पावसाळी घाट सोपे होतात, असा समज पुण्या-मुंबईकडे आता चांगलाच रूढ झाला आहे आणि तो जिवावर बेतणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ऐन श्रावणात मामांना त्यांच्या गुहागर तालुक्यातल्या गावी सोडण्यासाठी मी ताम्हिणीतून कोकणात उतरले आणि खाड्या ओलांडत दक्षिणेकडे गेले, तेव्हा ते अधिकच पक्के झाले. मामा सैन्यात ड्रायव्हर होते. लडाखच्या हिवाळ्यात, गोठलेल्या रस्त्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे फोर बाय फोर ट्रक हाकले आहेत. बर्फावर शिकलेली शिस्त कोकणच्या पावसात किती उपयोगी पडते, हे मला या प्रवासात त्यांच्या शेजारी बसून गाडी चालवताना कळले.

मुळशी मागे पडून ताम्हिणीची वळणे सुरू झाली, तेव्हा पावसाचा जोर असा होता की वायपर पूर्ण वेगाने फिरूनही काच क्षणभरच स्वच्छ दिसत होती. समोरून येणाऱ्या कितीतरी गाड्या चारही इंडिकेटर लावून धावत होत्या. ही सवय मोडायलाच हवी, कारण ती गाडी थांबलेली आहे, चालते आहे की वळणार आहे, हे कोणालाच कळत नाही. धुक्यात आणि पावसात खाली केलेले हेडलाइट आणि फॉग लाइट पुरेसे असतात. मामांनी मला मागे कोणी नाही हे बघायला सांगितले आणि सरळ पट्ट्यावर, अगदी कमी वेगात, ब्रेक हलकेच दाबून पाहायला लावला. रस्त्याची पकड किती आहे हे पायाला आधी कळले पाहिजे, मगच वेग ठरवायचा, हा त्यांचा लडाखमधला नेम. मग म्हणाले, "बाय, ओढायला तुझ्याकडे चार चाकं आहेत, बाकीच्यांकडे दोन. पण थांबवायला सगळ्यांकडे चारच."

यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी, ब्रेक पूर्ण लागल्यानंतर, कोरड्या डांबरावर साधारण 12-13 मीटरमध्ये थांबते, ओल्या गुळगुळीत डांबरावर तिला 25 मीटरच्या आसपास लागतात आणि रस्त्यावर बर्फाचा थर असेल तर हेच अंतर 100 मीटरच्या घरात जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जेवढी पुढे सरकते, ते अंतर यात धरलेलेच नाही. फोर बाय फोरने या आकड्यांत काहीही फरक पडत नाही, कारण थांबणे हे टायर आणि रस्ता यांच्यातल्या पकडीवर अवलंबून असते, इंजिनाची ताकद किती चाकांना मिळते यावर नाही. उलट साध्या गाडीची चाके चढावर जागच्या जागी फिरू लागली की चालवणारा सावध होतो, तर फोर बाय फोर त्याच रस्त्यावर निमूट वेग घेते आणि रस्ता निसरडा असल्याची पहिली जाणीव थेट ब्रेक लावताना होते.

मामांच्या सांगण्यानुसार सगळ्यात घातक बर्फ कडाक्याच्या थंडीतला नसतो. तापमान शून्याच्या आसपास असताना बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा धरतो, तेव्हा पकड जवळजवळ उरत नाही. डांबराच्याच रंगाचा दिसणारा पातळ बर्फ पुलांवर आधी जमतो, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो. डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर तो दुपारपर्यंत टिकतो. ताम्हिणीतही त्यांची नजर सावलीच्याच जागा शोधत होती. गर्द झाडीखाली जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे डांबराच्या कडेला शेवाळ धरलेले असते आणि त्यावर कुजलेल्या पानांचा थर असतो. निजामपूरच्या अलीकडे एका वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती रस्त्यावर पसरली होती आणि तिच्यावर आधीच्या गाडीच्या टायरचे दोन लांबट, चकचकीत ओरखडे थेट खचलेल्या साइडपट्टीपर्यंत गेलेले दिसत होते. त्या गाडीने वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला होता, हे मामांनी खाली न उतरता सांगितले. वेग वळणाआधी, सरळ रेषेत कमी करायचा आणि वळणात ब्रेक, ॲक्सिलरेटर किंवा स्टिअरिंग यांपैकी कशालाही हिसका द्यायचा नाही, हा नियम बर्फाला आणि चिखलाला सारखाच लागू आहे.

उतारावर मात्र फोर बाय फोरचा खरा उपयोग होतो. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवली की इंजिन तिला धरून ठेवते आणि 4H मध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) ही पकड दोनऐवजी चारही चाकांत वाटली जाते, त्यामुळे मागची बाजू घसरण्याची भीती कमी होते. याच कारणाने बर्फात साखळ्या फक्त पुढच्या चाकांना लावून घाट उतरू नये, मागची बाजू फिरते, असे मामा बजावत होते. परंतु माझ्या थारसारख्या गाडीत 4H लावले की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी जखडले जातात. चांगली पकड असलेल्या डांबरावर वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचे असते, ती मुभा न मिळाल्याने ताण साठत जातो आणि स्टिअरिंग जड होते. म्हणून माणगावच्या आधी स्वच्छ रस्ता लागताच मी पुन्हा 2H वर, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांच्या ताकदीवर आले.

म्हसळ्यावरून आम्ही बागमांडल्याला पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. जंगलजेट्टीसाठी, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या उताराचा एरवी पाण्याखाली असणारा भाग उघडा पडला होता आणि त्यावर हिरव्या बुळबुळीत शेवाळाचा पट्टा होता. आमच्या पुढची मोटार त्या पट्ट्यावर ब्रेक दाबलेला असतानाही हातभर सरकली. खलाशाने हात वर करून सगळ्यांना जागीच थांबवले. आमची पाळी आली तेव्हा मी 4L मध्ये (चारही चाकांना ताकद, वेग कमी आणि जोर जास्त) पहिल्या गिअरवर, ब्रेकला पाय न लावता, गाडीला तिच्या संथ चालीने उतरू दिले. बोटीच्या ओल्या लोखंडी पत्र्यावर चढल्यावर ब्रेक लावला, तोही बोटांनी दाबावा इतका हलका.

ही खाडी म्हणजे सावित्रीचे मुख. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ याच नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. वेसवीला उतरून मंडणगडमार्गे दापोलीकडे जाताना एका ठेंगण्या फरशी-पुलावरून गढूळ पाणी वाहत होते, तेव्हा ती आठवण आमच्या दोघांच्याही मनात होती. थार 650 मिलिमीटर खोल पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. पण हा आकडा वाहत्या पाण्याला लावायचा नसतो. फूटभर वेगवान पाणी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट पाणी मोठी गाडीही वाहून नेऊ शकते. शिवाय गढूळ पाण्याखाली फरशी शाबूत आहे की खचली आहे, हे दिसत नाही. पलीकडे एसटीचा चालकही बस उभी करून थांबला होता. पाणी ओसरून कडेचे दगड दिसू लागल्यावरच आम्ही निघालो आणि पलीकडे गेल्यावर ओले झालेले ब्रेक हलके दाबत-सोडत वाळवून घेतले.

दापोली परिसरातल्या किनाऱ्यांवर गाडी घालण्याचा मोह अनेकांना होतो. मी गाडी वाळूत नेत नाही. भरतीची ओली वाळू चाकाखालून सरकत जाते, खारे पाणी गाडीचा तळ खाते आणि आंजर्ले, वेळास येथे कासवे ज्या वाळूत अंडी घालतात, ती तुडवणे मला पटत नाही.

दाभोळहून धोपाव्याला नेणारी जंगलजेट्टी 2003 पासून चालू आहे आणि गुहागरकडे जाणाऱ्यांचा चिपळूणचा मोठा वळसा तिच्यामुळे वाचतो. पलीकडे उतरल्यावर मामांच्या वाडीची वाट डांबर सोडून जांभ्याच्या लाल चिखलातून वर चढते. मामा पँट दुमडून पुढे चालत गेले, कुठे दगड घट्ट आहेत आणि कुठे चिखलात पाय रुततो ते पाहून आले आणि मग मी 4L मध्ये, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून, मध्ये कुठेही न थांबता गाडी वर घेतली. चिखलात चाक फिरू लागलेच तर पाय जास्त दाबायचा नाही, उलट थोडा सोडायचा, म्हणजे टायरला पुन्हा पकड मिळते.

अंगणात गाडी लावताना मी हँडब्रेक ओढला, तो मामांनी सोडायला लावला. लडाखमध्ये रात्रभर हँडब्रेक ओढलेला राहिला तर मागच्या ड्रममधले ब्रेक-शू गोठून चिकटतात. इथे गोठत नाहीत, परंतु गाडी काही दिवस दमट हवेत उभी राहिली की गंजून चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून मागच्या दोन्ही चाकांना आम्ही जांभ्याचे चिरे लावले.