खुडूक

दुपारी पांघरूण गुंडाळून मी कोपऱ्यात बसले, की घरातलं कुणीतरी हमखास विचारतं, "काय गं, खुडूक झालीस का?" विचारणाऱ्याने खुडूक कोंबडी उभ्या जन्मात पाहिलेली नसते. मीही फार उशिरा पाहिली. पिसं फुगवून, पसरून, डोळे अर्धवट मिटून बसली होती. जवळ गेले तर घशातून गुरगुर, हात पुढे केला तर हातावर चोच. तिला उचलून बाजूला केलं, तर पोटाखाली अंडं नव्हतंच. एक गुळगुळीत गोटा होता. बाई दोन दिवस तो उबवत होत्या!

तेव्हा पोटभर हसले. नंतर कोंबडीबद्दल वाचत गेले तसा तो गोटा पुन्हा पुन्हा आठवायला लागला.

रानातली लाल रानकोंबडी, म्हणजे आपल्या कोंबड्यांची मूळ पणजी, एका विणीत साधारण पाच-सहा अंडी घालते. एका दिवशी एकच. पण पहिलं अंडं घातल्या घातल्या ती त्यावर बसत नाही. सगळी घालून होईपर्यंत थांबते आणि मग बैठक मारते. म्हणून तर 21 दिवसांनी पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर येतात. नाहीतर पहिलं पळायला लागलेलं आणि शेवटचं अजून कवचात, अशी आईची ओढाताण झाली असती. बैठक मारली की रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, अंडी घालणं थांबतं, भूकही मरते. हेच ते खुडूक होणं.

यात एक फट आहे. घरट्यातली अंडी कुणी उचलत राहिलं, तर तिची वीण पुरी होतच नाही. ती आणखी घालते, आणखी घालते.

ही फट माणसाला नेमकी कधी दिसली कोण जाणे. सुरुवातीला तो अंड्यांच्या मागे नव्हताच बहुधा. मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट इथे सापडलेली कोंबडीची हाडं इसवीसनपूर्व 1650 ते 1250 या काळातली आहेत, आणि 2022 साली संशोधकांनी त्यांचा संबंध भातशेतीशी जोडला. झाडी तोडून शेत केलं, दाणे सांडले, रानकोंबड्या टिपायला आल्या आणि गेल्याच नाहीत. माणसाने कोंबडी पाळली असं आपण म्हणतो खरं, पण मला तर हा प्रकार आगंतुक पाहुण्याचा वाटतो. त्याआधी 2020 मध्ये 863 पक्ष्यांचे जनुकसंच ताडून पाहिले होते, तेव्हाही बोट नैऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमारच्या रानांकडेच गेलं होतं.

पाहुण्याला लगेच कापलंही नाही. ब्रिटनमधले लोक कोंबडा खाणं निषिद्ध मानतात, पण हौसेने पाळतात, असं खुद्द सीझरने नोंदवून ठेवलंय.

डार्विनचं म्हणणं होतं की साऱ्या जाती या एका लाल रानकोंबडीच्याच. बरोबर होतं, पण पायापाशी चुकलं. अक्षरशः पायापाशी. कित्येक कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते, आणि तो पिवळेपणा राखी रानकोंबडा या दुसऱ्याच रानजातीकडून आलाय, हे 2008 मध्ये उलगडलं. दाण्यापाल्यातला पिवळा रंग मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) या कोंबड्यांच्या कातडीत मंद असतं, म्हणून तो तिथेच साठतो. घराण्यात कुणीतरी परक्याशी सूत जुळवलेलं असतं आणि नाक सांगतं, तसंच हे.

पुढे माणसाने हौशी केल्या. कुणाला गुलाबासारखा पसरट तुरा हवा, कुणाला वाटाण्यांच्या रांगेसारखा. या दोघांचा संकर केला तर तिसराच, अक्रोडासारखा तुरा निघतो. बेटसन आणि पनेट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनुवंशिकतेची कोडी सोडवली ती याच तुऱ्यांवर. मांसाच्या कोंबड्यांचं तर बोलायलाच नको. 1957 च्या वाणाची कोंबडी आणि 2005 च्या वाणाची, दोघींना एकच खाद्य घातलं, तर 56 दिवसांत पहिली 905 ग्रॅमची आणि दुसरी चार किलोच्या वर. वाचून मलाच धाप लागली.

पण मला सगळ्यात मोठा बदल वाटतो तो न दिसणारा. अंडी उचलण्याच्या युक्तीवर माणूस थांबला नाही. खुडूक बसणाऱ्या कोंबड्या तो वगळत गेला, न बसणाऱ्या पैदाशीला ठेवत गेला. आज पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते आणि क्वचितच खुडूक होते. अंड्यावर बसायचं असतं, हे ती जवळपास विसरलीय. उलट रेशमी पिसांची सिल्की अजून इतकी हौशी, की बदकाची अंडी दिली तरी मांडी घालून बसते.

मग बसायचं कुणी? इजिप्तमध्ये अंडी शेणखतात पुरून उबवतात, हे ॲरिस्टॉटलने लिहिलंय, तेव्हा कल्पना जुनीच. आता यंत्र बसतं. कोंबडी चोचीने अंडी उलटीपालटी करते, ते कामही यंत्र ठरल्या वेळी ट्रे कलते करून चोख बजावतं.

फक्त फुटायच्या आधी पिल्लू कवचातूनच चिवचिवायला लागतं. वर कोंबडी असेल तर ती घशातून हलकेच ओ देते. यंत्राच्या कप्प्यातही पिल्लं तशीच चिवचिवतात, आणि पंखा फिरत राहतो.