समुद्र कुठाय?

२७ जानेवारी, मंगळवार, रात्री पावणेबारा

तीन दिवसांत बाबांनी 'अरे पण समुद्र कुठाय?' हे कमीत कमी वीस वेळा विचारलं असेल, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकत नव्हतं. सव्वीस जानेवारी सोमवारी आली म्हणून दादाने महिनाभर आधीच जाहीर केलं होतं की ह्या वेळी अलिबाग नाही, गणपतीपुळे नाही, मधला जो पट्टा आपण कधीच बघितला नाही तो बघायचा, हरिहरेश्वर ते हर्णै, किनाऱ्याकिनाऱ्याने. माझ्या डोळ्यासमोर काय, तर उजव्या हाताला तीन दिवस निळंशार पाणी आणि मी खिडकीत कोपर टेकवून बसलीये.

शनिवारी पहाटे पाचला वारज्यातून निघालो तर अख्खं पुणे आमच्याआधी उठून चांदणी चौकात येऊन थांबलेलं. ताम्हिणीत धुकं, माणगावला ट्रॅफिक, नेहमीचंच, त्यावर काय लिहायचं.

हरिहरेश्वरच्या अलीकडे एका वाडीत मुक्काम होता. कौलारू घर, मागे नारळी-पोफळी, पाटाचं पाणी, म्हणजे फोटोत असतं तसंच सगळं. पण नीट बघितलं तर मधे मोठमोठी मोकळी जागा आणि तिथे केळी लावलेल्या. मला वाटलं केळीचं पीक घेतायत. घरमालक काका म्हणाले नाही हो, ती सावलीला. पोफळीच्या रोपाला थेट ऊन सोसत नाही, खोड भाजतं, म्हणून आधी केळ लावायची आणि तिच्या आडोशाला पोफळ वाढवायची. मग केळीची पानं बाजूला सारून त्यांनी रोप दाखवलं, हिरवंगार सरळ खोड, त्यावर वळ्या, आणि म्हणाले हे वादळानंतरचं. तिथे सगळ्या गोष्टी 'वादळाआधी' नाहीतर 'वादळानंतर'. माडीचा जिना वादळाआधीचा, पत्रा वादळानंतरचा. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. "तुमच्या पुण्यात दोन दिवस बातमी आली असेल," हे त्यांनी काही टोमणा म्हणून म्हटलं नाही, पण मला लागलं, कारण मला त्या दिवसाचं फक्त आमच्या सोसायटीतलं गुलमोहराचं झाड पडलेलं आठवतंय आणि त्यावरून पार्किंगची झालेली भांडणं. त्यांच्या दोनशे पोफळींतल्या वीसेक उरल्या. नवीन रोप धरायला सहा-सात वर्षं. म्हणजे साडेपाच वर्षं रोज शिंपणं चाललंय आणि अजून एक सुपारी हातात नाही. जुन्या झाडांची थोडी श्रीवर्धनी रोठा सुपारी होती ती त्यांनी आम्हाला कातरून दिली, बाबा रात्रभर चघळत होते.

रविवारी बागमांडल्याहून फेरीबोट. सावित्री नदी ओलांडली की रायगड जिल्हा संपून रत्नागिरी सुरू. खाडीत अर्धवट पुलाचे खांब उभे आहेत, त्यांच्याकडे बघत सगळे रांगेत. गाडी बोटीवर चढताना आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि ती 'कौसल्येयो दृशौ पातु'पर्यंत पोचते न पोचते तोवर दादाने हँडब्रेक ओढलासुद्धा. पलीकडे वेसवीला उतरून बाणकोटचा किल्ला बघितला. इंग्रजांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलेलं, दादा म्हणाला राणीच्या नावावरून, तर किल्ला त्यांच्याकडे गेला सतराशे पन्नासच्या सुमारास आणि राणीचा जन्म १८१९ चा, त्यामुळे ही व्हिक्टोरिया दुसरीच. (दादाला हे पटलेलं नाही.)

आणि मग समुद्र गायबच झाला. मला हे माहीतच नव्हतं की कोकणात किनाऱ्याने जायचं म्हणजे निम्मा वेळ समुद्राकडे पाठ करूनच जायचं. दर थोड्या अंतरावर एक नदी येऊन मिळते, तिची खाडी आत घुसते, मग रस्ताही पूल शोधत आत वळतो, घाटी चढतो आणि तुम्ही एकदम सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर. वर सगळा जांभा, वाळलेलं गवत, मोहोर आलेल्या आंब्याच्या बागा, पाण्याचा पत्ता नाही. समोरचं गाव नकाशात बोटभर लांब आणि गाडीला तास. मी मागच्या सीटवर जाम चिडले होते, उलटी येत होती ते वेगळंच.

वेळासला कासवं बघायची होती तर पिल्लं निघायला अजून वेळ होता, जानेवारीत फक्त अंडी. जाळीच्या कुंपणात वाळूत पुरलेली घरटी, प्रत्येकावर तारखेची पाटी. तिथल्या मुलाने छान सांगितलं, पूर्वी लोक अंडी उकरून खायचे-विकायचे, २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेने गावाला बरोबर घेऊन ती राखायला सुरुवात केली, एका घरट्यात शंभरेक अंडी आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं. आईने विचारलं की मग आई कुठे असते? तो म्हणाला ती अंडी घालते, वाळू ओढते आणि त्याच रात्री समुद्रात परत, नंतर बघायलाही येत नाही.

"सुटली बिचारी," आई म्हणाली. मी आणि दादाने एकमेकांकडे बघितलं.

संध्याकाळी हर्णैला मात्र पैसे वसूल. मासळीचा लिलाव चालू होता, बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात, होड्यांवरून माल उतरून गाडीत, गाडी वर येते, वाळूत पाट्या ओतल्या जातात, भोवती बायकांचं कोंडाळं आणि आकडे इतक्या जोरात की आपल्याला काही कळत नाही. बाबा गर्दीतून पुढे सरकले, आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, मागे मावळतीचं ऊन, उघडा समुद्र. दोन दिवस वाट बघत होते बिचारे. हात वर करून मोठ्याने ओरडले, "तो काय समुद्र!"

बांगड्याची पाटी त्यांच्या नावावर पडली.

मावशी म्हणाली, "काका, हात वर केलात, आता घ्यायला लागंल." सगळ्या बायका हसायला लागल्या, बाबा खिसे चाचपायला लागले, शेवटी दादाने मध्ये पडून डझनभर बांगडे घेतले आणि पाटी दुसरीला गेली. आंजर्ल्याच्या मुक्कामी ते तळून मिळाले. इतके ताजे बांगडे मी आयुष्यात खाल्ले नव्हते, काटे काढायलाही थांबले नाही.

काल सकाळी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडावंदनाला उभे राहिलो, वीसेक पोरं, एक बाई, एक जिलेबीचं पातेलं, आम्हालाही दोन-दोन मिळाल्या. येताना मंडणगड तालुक्यातून आलो. आंबडवे, बाबासाहेबांचं मूळ गाव, ह्याच तालुक्यात. सव्वीस जानेवारीला तिथून जातोय आणि 'उशीर होतोय' म्हणून गाडी वळवली नाही. घरी पोचलो रात्री अकराला, माणगावच्या रांगेत दोन तास बसून. म्हणजे उशीर व्हायचा तो झालाच.

एक सांगायचं राहिलं. वाडीवाल्या काकांनी निघताना बाबांना पोफळीचं एक रोप दिलं होतं, पिशवीतलं. बाबांनी ते दोन दिवस पायांत धरून ठेवलं, बोटीवरही, ताम्हिणीच्या वळणांवरही. आता ते त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी उभं आहे. आईचं म्हणणं उन्हाळ्यात करपणार, आणि कपडे वाळत कुठे घालायचे ते आधी सांगा. बाबा बाहत्तर वर्षांचे आहेत.

आज दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्यांचा फोन आला. बाहेर येऊन घेतला, म्हटलं काय झालं.

"अगं, केळ कुंडीत लागते का?"