पाचव्या महिन्याची नोंद : कळण्याची भाकरी, भरीत आणि तेलाचा हिशेब

सप्टेंबरपासून रोजचे जेवण मोबाइलमधील ॲपवर नोंदवायला सुरुवात केली, त्याला जानेवारीअखेर पाच महिने पूर्ण झाले. वजन घटवणे हा माझा उद्देश नव्हता. अमळनेरच्या आमच्या घरात चार माणसे रोज जे जेवतात, त्यातून प्रथिने किती मिळतात आणि तेल किती जाते, एवढेच मला नीट समजून घ्यायचे होते. पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी मी आता जवळजवळ बाद धरतो. त्या का बाद धरतो, हे सविस्तर लिहितो, कारण खानदेशी स्वयंपाक मोजू पाहणाऱ्या प्रत्येकाला याच अडचणी येणार आहेत.

ॲपमध्ये ‘भाकरी’ असे शोधले की दहा-बारा तयार नोंदी समोर येतात. परंतु ती भाकरी तांदळाची, बाजरीची की ज्वारीची, आणि केवढी, हे बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते. कळण्याची, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी तर मला कुठेच सापडली नाही. ज्वारीच्या पिठाच्या एका नोंदीत १०० ग्रॅमला १,३९८ कॅलरी दाखवल्या होत्या आणि मी ती नोंद तब्बल तीन आठवडे वापरत होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांची कोष्टके पाहिली तेव्हा उलगडा झाला. त्या कोष्टकांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलेली आहे, आणि कोणीतरी तो आकडा जसाच्या तसा कॅलरीच्या रकान्यात भरला होता. ४.१८४ ने भागले की ३३४ येतात, आणि तोच खरा आकडा आहे. तेव्हापासून धान्ये, डाळी, शेंगदाणे आणि भाज्या यांच्या नोंदी मी त्या कोष्टकांवरून स्वतः तयार केल्या आणि दुसऱ्यांनी भरलेल्या नोंदी वापरणे पूर्णपणे थांबवले.

दुसरी चूक माझी होती. मी भाजलेली भाकरी काट्यावर ठेवत होतो आणि तिचे वजन पिठाच्या नोंदीत लिहीत होतो. आमच्याकडे एका भाकरीला साधारण १०० ग्रॅम पीठ लागते. मळल्यावर गोळा १८५ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तव्यावरून उतरलेली भाकरी १५० ग्रॅम राहते. वरचे ५० ग्रॅम हे पाणी आहे, पण माझ्या नोंदीत तेही ज्वारी म्हणून जात होते, म्हणजे दर भाकरीमागे दीडपट हिशेब लागत होता. डाळीच्या बाबतीत हा फरक याहून मोठा पडतो : १२० ग्रॅम कोरडी उडदाची डाळ शिजवून घोटली की आमच्या पातेल्यात ६४० ग्रॅम भरते. म्हणून आता प्रत्येक पदार्थाचे कच्चे जिन्नस आधी मोजतो, शेवटी भांड्यासकट वजन करतो आणि भांड्याचे वजन वजा करतो. सगळ्या कढया आणि पातेली एकदाच मोजून ती वजने कागदावर लिहून फडताळाच्या दाराला आतून चिकटवली आहेत. मोठी कढई १,८३५ ग्रॅमची आहे. ॲपमध्ये पाककृती म्हणून एकदा सगळे भरले, की पुढे फक्त ताटात वाढलेले वजन टाकावे लागते.

कळण्याची भाकरी या पद्धतीने मोजली तेव्हा फार समाधान वाटले. आमच्या गिरणीवर चार किलो ज्वारीला एक किलो सालासकट उडीद, असे दळण जाते. त्या १०० ग्रॅम पिठात सुमारे ३२५ कॅलरी आणि १२.४ ग्रॅम प्रथिने येतात, तर निव्वळ ज्वारीत प्रथिने १० ग्रॅमच्या आसपास असतात. केवळ आकडा वाढतो एवढाच लाभ नाही. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते आणि उडदात ते भरपूर असते. उलट उडदात मेथिओनिन कमी असते, ते ज्वारी काही अंशी भरून काढते. कळण्याची चव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवली, त्यांनी हे जमवून आणलेले आहे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता भरीत. डिसेंबरात हिरव्या वांग्यांचा हंगाम भरात असताना दोन किलो वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली. ॲपमधील भरताच्या तयार नोंदीत १०० ग्रॅमला सत्तरच्या आसपास कॅलरी होत्या. सोलून, कुटून, फोडणी देऊन झाल्यावर आमचे भरीत १,५६० ग्रॅम भरले. त्यात शेंगदाण्याचे तेल १८० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, शिवाय कांद्याची पात, लसूण आणि हिरवी मिरची होती. तेलाच्या १,६२०, दाण्यांच्या ५२०, वांग्यांच्या साधारण ४५० आणि उरलेल्या जिनसांच्या शंभरेक कॅलरी धरल्या, तर बेरीज २,६९० होते, म्हणजे १०० ग्रॅमला सुमारे १७२. मी दोनशे ग्रॅम भरीत सहज खातो. तयार नोंद वापरली असती तर एकाच जेवणात दोनशे कॅलरींची तफावत पडली असती, आणि भरताच्या एकूण ऊर्जेपैकी साठ टक्के ऊर्जा तेलातून येते हे मला कधीच कळले नसते.

त्यानंतर मी तेलाकडेच लक्ष वळवले. १ डिसेंबरला तेलाचा डबा मोजला आणि ३० डिसेंबरच्या रात्री पुन्हा मोजला. घट ५,२८० ग्रॅम होती. चार माणसे आणि तीस दिवस धरले तर माणशी रोज ४४ ग्रॅम. ॲपवर माझी सरासरी मात्र ३१ ग्रॅम दिसत होती. उरलेले तेल कुठे जाते, हे शोधायला मी एका संध्याकाळी रिकामे ताट काट्यावर ठेवले, त्यात भाकरी आणि ठेचा वाढून घेतला, आणि काटा शून्यावर आणला. मग नेहमीसारखी ठेच्यात बोटाने खळगी केली आणि किटलीतून कच्च्या तेलाची धार सोडली. काट्यावर ८ ग्रॅम उमटले. हे तेल मी चार महिने एकदाही नोंदवले नव्हते, कारण ते स्वयंपाकात जात नाही, ताटात जाते. रोजच्या ७२ कॅलरी अशा निसटत होत्या. बाकीचा फरक पापड, कुरडया आणि तळणीतून येत होता.

फोडणीसाठी किटलीऐवजी मापाचा चमचा ठेवावा, असे मी सुचवले तेव्हा आई म्हणाली, “तेल मोजीसन कोनी भाजी करस का?” तिचे म्हणणे मला पटते, तेल कढईत फिरताना पाहूनच तिच्या हाताला अंदाज येतो. म्हणून आम्ही तिच्या फोडणीला हात लावला नाही. आईने ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर मी किटलीचे वजन करतो, आणि तेवढे पुरते. जानेवारीत तळण आठवड्यातून एकदाच केले आणि ठेच्यावरचे तेल निम्म्यावर आणले. डब्याच्या हिशेबाने तीस दिवसांची घट ४,२०० ग्रॅम झाली, म्हणजे माणशी रोज ३५ ग्रॅम.

प्रथिनांकडे वळतो. माझे वजन ६८ किलो आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे किलोमागे ०.८३ ग्रॅम धरले, तर मला रोज ५६ ग्रॅम लागतात. दुरुस्त नोंदींवरून नोव्हेंबरची सरासरी ४७ होती. जानेवारीत साध्या ज्वारीच्या जागी रोज दोन कळण्याच्या भाकरी घेतल्या आणि आठवड्यातून पाच दिवस उडदाची घोटलेली डाळ वाढवली, तेव्हा सरासरी ५७ वर गेली. पूड, बिस्किटे किंवा बाहेरचा कोणताही पदार्थ त्यासाठी लागला नाही.

ढाब्यावरची शेवभाजी मात्र मला अजून मोजता येत नाही. तर्री किती आणि तिच्यात तेल किती, हे ताट पाहून सांगणे शक्य नाही. अशा दिवशी घरच्या शेवभाजीची नोंद टाकतो, पुढे ‘अंदाजे’ लिहितो आणि तो दिवस सरासरीतून वगळतो.

आखाजीपूर्वी, म्हणजे अक्षय्य तृतीयेपूर्वी, खापरावरच्या (उपड्या मातीच्या भांड्यावर भाजलेल्या) पुरणपोळीची पाककृती भरायची आहे. पातळ पीठ हातावर फिरवून पोळी खापरावर टाकली जाते, त्यामुळे एकेका पोळीचे पीठ आणि पुरण वेगवेगळे मोजणे अवघड आहे. हरभऱ्याची डाळ, गूळ, कणीक आणि तूप आधी मोजून, शेवटी सगळ्या पोळ्यांचे एकत्र वजन करायचे आणि उरलेले पीठ वजा करायचे, असे ठरवले आहे. आमरसाच्या वाटीची नोंद त्यापासून वेगळी ठेवीन.